लाल जमीन, पांढरी जमीन : छापील कापडाची जुनी ऑर्डर कशी वाचायची

गणपती मंडळासाठी किंवा कॉलेजच्या फेस्टसाठी टी-शर्ट छापून घ्यायला गेलं की दुकानदार डिझाइन बघायच्या आधीच दोन प्रश्न विचारतो. नग किती? आणि रंग किती? डिझाइन सुंदर आहे की बटबटीत, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी ताणून फ्रेम बनवावी लागते. तीन रंग म्हणजे तीन फ्रेम आणि प्रत्येक नगावर तीन वेळा शाई ओढणं. फ्रेमचा खर्च वीस टी-शर्टांना जेवढा, तेवढाच पाचशेंना. म्हणून तो 'जरा जास्त घ्या, मग परवडेल' असं म्हणतो. नग दहाच असतील तर तुम्हाला डीटीजीकडे वळवतो, म्हणजे प्रिंटर थेट कापडावरच छापतो. नाहीतर डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग गरम दाबानं ते कापडावर बसवायचं. तिथे फ्रेम नाही, रंग कितीही चालतात. पण नग वाढले म्हणून दर फारसा उतरत नाही. सब्लिमेशन हवं असेल तर कापड पॉलिएस्टरचं आणि फिकट रंगाचंच लागतं, कारण तो रंग उष्णतेनं वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. सुतावर तो टिकत नाही.

म्हणजे गिऱ्हाईकाला काय आवडतं हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेलं अर्धं पद्धत ठरवते.

दुकानात हे आपल्याला दोन मिनिटांत कळतं. पण सतराव्या शतकातला व्यापारी पत्रव्यवहार वाचायला बसलो की आपण नेमकं हेच विसरतो. कंपनीनं असं कापड मागवलं, तसं मागवलं, म्हणजे युरोपची 'अभिरुची' अशी होती, असा सरळ हिशेब मांडून मोकळे होतो. कापड कसं रंगायचं याचा त्यात पत्ताच नसतो. आजच्या लेखात एकाच पत्राभोवती फिरू या आणि पद्धत माहीत असली तर ते पत्र कसं बदलतं ते बघू.

१६४३ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र लिहिलं. त्यात रंगवलेल्या रजयांबद्दल काही ओळी आहेत. सारांश असा : तुमच्याकडून येणाऱ्या बहुतेक रजयांची जमीन गडद, उदास लाल असते आणि ती इथे तितकीशी खपत नाही, यापुढे पांढऱ्या जमिनीच्या जास्त पाठवा आणि मधल्या भागात फांद्या-फुलं रंगीत असू द्या, चित्रकाराला आवडतील तशी.

जॉन अरविन आणि कॅथरीन ब्रेट यांचं 'ओरिजिन्स ऑफ चिंट्झ' हे पुस्तक १९७० साली आलं, आणि तेव्हापासून चिंट्झवरच्या लेखनात हे पत्र वारंवार भेटतं. (चिंट्झ म्हणजे आपलं चीटच. छींट, म्हणजे शिंतोडा, ठिपका. चिटाचं परकर-पोलकं म्हणणाऱ्या आपल्या आज्या इंग्रजांच्या आधीपासून हा शब्द वापरत होत्या. इंग्रजांनी अनेकवचनाचा 'स' लावला, पुढे त्याचा 'झ' झाला आणि तोच शब्द परदेशी होऊन परत आला.) अरविन-ब्रेट यांचं म्हणणं थोडक्यात असं : पलंगपोसांवर दिसणारं ते फुलांनी लगडलेलं, वळणदार झाड 'अस्सल भारतीय' नाही. इंग्रजी भरतकाम, चिनी नक्षी, इराणी बाग अशा अनेक गोष्टी युरोपातून आलेल्या नमुन्यांच्या वाटेनं त्यात मिसळल्या आहेत. ते बऱ्याच अंशी पटण्यासारखं आहे. पुढच्या काही दशकांत लंडनहून रंगकाम कसं हवं ते दाखवणारे नमुने खरोखर पाठवले गेले.

अडचण पुढे होते. या मांडणीवरून हात फिरत फिरत तिचं एक सोपं वाक्य होऊन बसतं : युरोपनं सांगितलं, भारतीय कारागिरानं केलं. त्या वाक्याला आधार म्हणून १६४३ चं पत्र दिलं जातं, आणि 'चित्रकाराला आवडतील तशी' हे शब्द कुणी फारसे वाचत नाही.

या सोप्या वाक्याला दुसरा एक भक्कम साक्षीदारही मिळतो. डॅनिएल हावार्ट हा डच कंपनीचा माणूस, कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या आंध्र-तमिळनाडूच्या किनारपट्टीवर, अनेक वर्षं राहिलेला. १६९३ साली त्यानं त्या प्रदेशावर मोठं पुस्तक छापलं. त्यात कापड रंगवणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी तो सांगतो. एक, हे काम इतकं सावकाश चालतं की गोगलगायीसारखं, पुढे सरकतंय असं वाटतच नाही. दोन, या लोकांना स्वतःहून काही सुचत नाही. समोर ठेवलेल्याची हुबेहूब नक्कल मात्र करतात.

आता बघा. पन्नास वर्षांच्या अंतरानं दोन कागद. एकात गिऱ्हाईक म्हणतं, चित्रकाराला हवं तसं करू द्या. दुसऱ्यात गिऱ्हाईकाच्याच बाजूचा माणूस म्हणतो, चित्रकाराला काही सुचतच नाही. दोन्ही कागद विकत घेणाऱ्यांचे. करणाऱ्याचा कागद आपल्यापाशी नाही. अशा वेळी आणखी चार पत्रं शोधून बहुमत मोजण्यात अर्थ नसतो, कारण तीही त्याच बाजूची असणार. करणाऱ्याची बाजू राहिली आहे ती कापडात, आणि ते वाचायला पद्धत माहीत हवी.

पद्धत आपल्याला माहीत आहे, आणि ती ज्या वाटेनं कळली तीही सांगायला हवी. बोल्यू नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी १७३४ च्या सुमारास कोरोमंडल किनाऱ्यावर होता. त्यानं आपल्यासमोर एक कापड रंगवून घेतलं आणि प्रत्येक टप्पा झाला की त्याचा एक तुकडा कापून टिपणाला जोडला. हे हस्तलिखित आज पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. सगळा खटाटोप होता द्यु फे या रसायनशास्त्रज्ञासाठी. तेव्हा फ्रान्समध्ये छापील सुती कापडावर बंदी होती, तरीही. दुसरा माणूस जेझुइट पाद्री केर्दू. संस्कृत आणि ग्रीक-लॅटिन यांतल्या साम्यावर लिहिणारा तो हाच. १७४२ च्या पत्रात त्यानं कापड रंगवण्याची कृती बारकाईनं लिहून पाठवली, आणि ती त्याला सांगितली ती त्याच्याच हाताखाली नव्यानं ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांनी. पत्राचा हेतू युरोपातल्या कामाला उपयोग व्हावा हाच होता. म्हणजे आपले दोन सर्वांत चांगले साधनग्रंथ हे, आजच्या भाषेत, औद्योगिक हेरगिरीचे कागद आहेत. ज्यांनी माहिती दिली त्यांच्या पोटावर पुढे पाय येणार होता. साधन वापरू नये असं मी म्हणत नाही. प्रबंधात ते वापरताना ते कुठून आलं याचं एक वाक्य असावं, एवढंच.

आता कृती. लोकर आणि रेशीम रंगाला आपणहून धरतात, सूत धरत नाही. सुताला रंग चिकटवायला मध्यस्थ लागतो, त्याला रंगबंधक म्हणतात. तुरटी हा मुख्य. आधी धुतलेलं कापड हिरडा आणि म्हशीचं दूध यांच्या मिश्रणात भिजवून वाळवायचं. हिरड्यातला तुरट अंश पुढे रंगाला पकडतो, आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमानं काढलेली रेघ पसरत नाही. मग नक्षी कापडावर उतरवायची : कागदावर चित्र, त्याच्या रेषांवर टोचून पाडलेली बारीक छिद्रं, वरून कोळशाची पूड. काळ्या रेषांसाठी लोखंड आंबवून केलेलं पाणी. ते हिरड्याशी भेटलं की काळं होतं. लाल जिथे हवा तिथे तुरटीचं पाणी. तुरटीला रंग नसतो. कुठे लावली ते दिसावं म्हणून तिच्यात थोडा कच्चा रंग मिसळतात, तो पुढे धुऊन जातो. तुरटी लावून झाली की अख्खं कापड मुळाच्या रंगात उकळायचं. कोरोमंडलला हे मूळ तमिळमध्ये 'साय वेर' म्हणून ओळखलं जाई. जिथे तुरटी, तिथे पक्का लाल. तुरटी पातळ केली तर गुलाबी. तुरटीत लोखंड मिसळलं तर जांभळट किंवा तपकिरी. एकाच भांड्यातून इतके रंग निघतात, आणि भांड्यात घालण्याआधी ते कापडावर दिसतच नाहीत. सगळं चित्रकाराच्या डोक्यात.

पण उकळताना तुरटी नसलेलं कापडही थोडं मळकट गुलाबी होतं. ते साफ करायला शेणाच्या पाण्यात भिजवणं, धुणं, उन्हात पसरणं, सुकू न देता वरून पाणी शिंपडत राहणं, हे पुन्हा पुन्हा. निळा रंग आणखी वेगळा. निळीला तुरटी लागत नाही. पण निळीच्या हौदात कापड बुडवलं की सगळंच निळं होणार. म्हणून जिथे निळा नको तिथे मेण. म्हणजे जवळजवळ अख्ख्या कापडावर मेण, फक्त निळ्या पानाफुलांच्या जागा उघड्या. मग हौद, मग गरम पाण्यात मेण काढणं, पुन्हा धुणं, पुन्हा तुरटी, पुन्हा लाल भांडं. पिवळा सगळ्यांत शेवटी, वरून कलमानं. निळ्यावर पिवळा दिला की हिरवा.

हावार्टची गोगलगाय इथेच आहे. त्याला जो सुस्तपणा वाटला तो खरं तर धुणं, वाळणं आणि ऊन यांचा वेळ होता.

आता १६४३ च्या पत्राकडे परत. 'लाल जमिनीऐवजी पांढरी जमीन' हे वाक्य लंडनमधल्या टेबलावर एका विशेषणाचा बदल आहे. आपल्याला वाटतं, लालऐवजी पांढरा, त्यात काय! पण पांढरी जमीन म्हणजे तुरटी फक्त फुलापानांवर आणि बाकी सगळं कापड रंगाच्या भांड्यातून जाऊनही स्वच्छ बाहेर काढायचं. लाल जमिनीत खपून जाणारा एखादा डाग पांढऱ्यावर लपत नाही. काम कलमाकडून धुण्याकडे सरकतं. भरपूर पाणी, नदीकाठची जागा, निरभ्र ऊन यांची गरज वाढते. पावसाळ्यात हे होणार नाही. म्हणून मला त्या एका वाक्यात रुचीपेक्षा श्रमाचं नवं वाटप जास्त दिसतं. हा माझा अर्थ आहे. पत्रात तसं लिहिलेलं नाही. पण कृती माहीत नसती तर हा प्रश्नही पडला नसता.

आणि 'चित्रकाराला आवडतील तशी'? हे औदार्य होतं असं समजायचं कारण नाही. इतक्या लांबून आणि इतक्या टप्प्यांच्या कामात प्रत्येक पान कसं असावं हे सांगताच येत नाही, एवढं लंडनला कळत होतं. पुढे नमुने पाठवले गेले तेव्हाही नमुना म्हणजे कागद किंवा दुसरं कापड. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात छटा बारीक रेघांनी केलेल्या असतात. त्या रेघा तुरटी आणि मेण यांच्या भाषेत कशा म्हणायच्या हे कारागिरालाच ठरवावं लागायचं. पलंगपोसांवरची मोठाली पानं जवळून बघा. आत बुंदके, जाळ्या, लहरी, खवले असं दाट भरणकाम असतं. हे भरणकाम निव्वळ नकलेतून आलं असं मला पटत नाही. छटेच्या जागी दुसरं काहीतरी आणून बसवलेलं ते उत्तर आहे. नक्कल आणि भाषांतर यांत जो फरक असतो तोच इथे आहे, आणि हावार्टला तो दिसला नाही.

इथे एक सापळा सांगून ठेवतो, कारण संग्रहालयात तो हमखास भेटतो. जुन्या चिटांवर बरीच पानं निळी दिसतात. बघणारा लगेच काहीतरी सिद्धान्त काढतो : कल्पनारम्य वनस्पती, चिनी भांड्यांचा प्रभाव, वगैरे. बहुतेकदा ती पानं हिरवी होती. वरून दिलेला पिवळा कच्चा असतो, प्रकाशानं आणि धुण्यानं तो उडून जातो आणि खालची नीळ राहते. घडीच्या आत किंवा शिवणीखाली उजेड न लागलेला भाग मिळाला तर तिथे हिरवा अजून सापडू शकतो. रंगावर एक वाक्य लिहिण्याआधी शिवण उलगडून बघायची परवानगी मागा.

आतापर्यंत कलमाचं बोललो. पश्चिमेकडे, अहमदाबाद, बुऱ्हाणपूर, सिरोंज इकडे, लाकडी ठशांचं काम मोठं. जॉर्ज रोक हा फ्रेंच कंपनीचा माणूस १६७८ मध्ये अहमदाबादेत होता. हिंदुस्थानात व्यापार कसा करायचा यावरच्या त्याच्या हस्तलिखितात तिथल्या ठशांच्या छपाईचं वर्णन आहे. रसायन तेच, तुरटी आणि लोखंड. फक्त कलमाऐवजी ठसा. आपल्याकडची भावसार, रंगारी ही आडनावं याच व्यवसायाच्या खुणा आहेत.

ठसा आला की हिशेब बदलतो. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरावा लागतो, म्हणजे आधीचा खर्च मोठा. पण एकदा कोरला की झपाझप. टी-शर्टवाल्याचे दोन प्रश्न पुन्हा आठवा : नग किती, रंग किती. ठसा हा स्क्रीनचा पूर्वज आहे. आणि कलम डीटीजीसारखं : आधीचा खर्च जवळजवळ नाही, पण प्रत्येक नगाला वेळ तेवढाच. यंत्राच्या दृष्टीनं या जोड्या विचित्र वाटतील, पण ऑर्डरच्या दृष्टीनं बरोबर बसतात. ज्या कापडाची मागणी मोठी आणि ठरलेली, तिथे ठसा परवडतो. जिथे प्रत्येक पलंगपोस वेगळा हवा, तिथे कलम.

कापड समोर असेल तर ठसा आणि कलम ओळखायची एक सोपी खूण आहे : चूक बघा. पाकळीचं टोक तुटलेलं असेल आणि तीच तुटलेली पाकळी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत असेल तर ठशाचा कोपरा उडालेला आहे. प्रत्येक ठिकाणी चूक वेगळी असेल तर हात आहे. दोन ठशांच्या सांध्यावर रेघ जुळलेली नाही हीही खूण. आणि कित्येकदा दोन्ही असतात, बाह्यरेषा ठशानं आणि भरण हातानं. वर्णनात 'छापील' किंवा 'रंगवलेलं' एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

ठशाच्या या हिशेबाचं एक जुनं आणि मला फार आवडणारं उदाहरण इजिप्तमधलं आहे. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या, उकिरड्यांतून निघालेले सुती कापडाचे तुकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आले. पर्सी न्यूबेरी यानं ते विकत घेतले. आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात असे बाराशेहून जास्त तुकडे आहेत. बहुतेक गुजरातेत ठशांनी छापलेले. व्यापाऱ्याकडून घेतल्यामुळे कुठल्या थरात, कशाशेजारी सापडले ते कळायला मार्ग नाही. रूथ बार्न्स यांनी १९९७ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध केली. काहींचा काळ कार्बन-१४ नं ठरवला तेव्हा ते मध्ययुगातले निघाले, युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी आधीचे. गंमत म्हणजे तशाच जातीची नक्षी इंडोनेशियात, सुलावेसी बेटावर, वंशपरंपरेनं जपलेल्या लांब कापडांवरही सापडते. एका टोकाला कैरोचा उकिरडा आणि दुसऱ्या टोकाला पवित्र म्हणून जपलेलं कापड. मधे गुजरातेतला ठसा. ठसा कोरायचा खर्च एकदाच, तर तो दोन बाजारांत का चालवू नये? 'गिऱ्हाईकानुसार माल' हे सूत्र इथे पुरत नाही. एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांनी दोन वेगळे अर्थ दिले.

सतराव्या शतकात कंपन्यांनी जे नवं आणलं ते मागणीवरून काम करून घेणं नव्हे. तेही आधीपासून होतंच. सयामच्या दरबारासाठी तिथल्या नक्षीची कापडं कोरोमंडलला बनत, अर्मेनियन चर्चसाठी पडदे बनत. नवं होतं ते अंतर आणि कागदपत्र. लंडनहून पत्र निघून माल परत पोचेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जात. त्यामुळे 'या मोसमात काय चालतंय' हे सांगण्यात अर्थ नव्हता. १६८१ च्या सुमारास रेशमी कापडाबद्दल संचालक बंगालला लिहितात की दर वर्षी फुलं आणि रंग बदलत राहा, इथल्या बायका नवीन वस्तूला दुप्पट पैसे देतील. ही ऑर्डर नेमकी कशाची आहे? कशाचीच नाही. नवेपणाची आहे. आणि नवेपणा कुठून आणायचा? पुन्हा कारागिराकडूनच.

मागणी खाली उतरायची ती साखळीनं : संचालक, वखार, स्थानिक व्यापारी किंवा दलाल, मुख्य कारागीर, मग रंगवणारे. पैशाची उचल वरून खाली आणि माल खालून वर. माल आला की वखारीत तो नमुन्याशी ताडून बघत, आणि कमी पडला तर किंमत कापत. इंग्रजी कागदांत या नमुन्याला 'मस्टर' म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. इथे त्याचा अर्थ हजेरीपट असा नाही. नव्या वाचकाला हा शब्द हमखास गोंधळात टाकतो.

आणि माल खपला, इतका की कायदे झाले. १६६३ मध्ये सॅम्युएल पीप्स बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावायला चीट आणतो, पुढे त्याचे झगे होतात, परकराच्या घेरासाठी खालच्या काठाची नक्षी वेगळी रंगवून येऊ लागते. फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनं १७०१ पासून रंगीत-छापील कापडाची देशातल्या वापरासाठीची आयात थांबवली. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चिटं फाडत होते. १७२१ च्या कायद्यानं तर छापील सुती कापड वापरण्यावरच बहुतांशी बंदी आली. हॉलंडनं बंदी घातली नाही, म्हणून हिंडेलोपेनसारख्या गावांच्या पारंपरिक पोशाखात चीट टिकून राहिलं, सुतकाच्या निळ्या चिटासकट. इंग्लंडची सुती कापडावरची बंदी १७७४ मध्ये उठली ती तिथेच बनलेल्या मालापुरती. त्याच सुमारास डेव्हिड गॅरिक या नटाला कलकत्त्याच्या इंग्रजांनी कृतज्ञता म्हणून मच्छलीपट्टणची चिटं पाठवली, पलंगाच्या पडद्यांसाठी. जकात खात्यानं ती जप्त केली. ते पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

बंदीच्या आडोशाला युरोपची छपाई वाढली, आणि तिनं ऑर्डरचा हिशेबच उलटा केला. १७५२ मध्ये डब्लिनजवळ ड्रमकॉन्ड्रा इथे फ्रान्सिस निक्सननं तांब्याच्या कोरीव पत्र्यानं कापड छापलं. १७६० मध्ये ओबेरकांफनं व्हर्सायजवळ जुई इथे कारखाना काढला. १७८३ मध्ये थॉमस बेलनं कोरीव रुळाचं पेटंट घेतलं. रूळ कोरणं महाग, पण एकदा कोरला की कापड न थांबता निघत राहतं. आता गजांमागून गज एकच नक्षी खपली पाहिजे, नाहीतर रुळाचा खर्च निघत नाही. मग दुसऱ्यानं नक्षी चोरली तर नुकसान मोठं. इंग्लंडात १७८७ मध्ये छापील कापडाच्या नक्षीला कायद्यानं संरक्षण मिळालं, ते फक्त दोन महिन्यांचं. दोन महिने! आधीच्या दीड-दोन वर्षांच्या चक्राशेजारी हा आकडा ठेवून बघा. कोरोमंडलच्या कारागिराच्या कलमाला या वेगाशी स्पर्धा करता येणार नव्हती, आणि त्याच्या नक्षीला तर दोन महिन्यांचंही संरक्षण नव्हतं.

शेवटचा कागद १८६६ चा. खरं म्हणजे कागद आणि कापड दोन्ही. लंडनच्या इंडिया म्युझियममधला जॉन फोर्ब्स वॉटसन याने हिंदुस्थानी कापडांचे तुकडे कापून अठरा खंडांचे संच बनवले. एका संचात ७०० नमुने, असे वीस संच. तेरा ब्रिटनमध्ये वाटले, सात हिंदुस्थानात. ब्रिटिश कारखानदारांनी ते बघावेत आणि इथल्या लोकांना चालेल असं कापड तिकडे बनवावं, हा उघड हेतू होता. १६४३ ला नमुन्याची गरज लंडनच्या गिऱ्हाइकाला होती आणि चित्रकार इकडे होता. आता गिऱ्हाईक इकडे होतं. या खंडांतल्या तुकड्यांना लहान चिठ्ठ्या जोडलेल्या आहेत. कापड कशासाठी वापरतात, लांबी, रुंदी, वजन, कुठे मिळालं, किंमत किती. कुणी विणलं आणि कुणी छापलं, यासाठी त्या चिठ्ठीत रकाना नाही.